संतोकमाच्या शिव्या आणि जयसुखचा माइक

जयसुख टांकला आमच्या सौराष्ट्रातल्या उपलेट्यात कुणी बसलेला पाहिलेला नाही. चहा पितो तोही बशी हातात घेऊन येरझाऱ्या घालत. गाठिये खातो ते दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून, दुसरा पाय कुठेतरी पोचायचा राहिलाय असा. तीस वर्षं लग्नांचे व्हिडिओ काढतो. नवरानवरी बसतात, भटजी बसतो, हा मात्र त्यांच्यापेक्षा जास्त फेरे घेतो. त्याची बायको मंजुला म्हणते, "वजुकाका, नवऱ्याला पायात भोवरा घालूनच सासूने जन्माला घातलाय."

पण त्या माघातले आठ दिवस निराळेच होते. माझं शिवणकामाचं दुकान त्याच्या स्टुडिओच्या बरोब्बर समोर. माझे डोळे आताशा सुईत दोरा ओवायला नकार देतात, पण रस्त्यापलीकडचं त्यांना अजून स्वच्छ दिसतं. आठ दिवसांत हा माणूस तीनदा राजकोटला जाऊन आला, दोनदा शिडीवर चढला आणि एकदा भर दुपारी बायकोला मांडवाच्या जागी बसवून 'मला शिव्या दे' म्हणाला. तिने दिल्या. कमी पडल्या नाहीत.

भानगड अशी. जयसुखची आई दिवाळीबा फटाणी गायची. वऱ्हाड दारात आलं की नवरीकडच्या बाया व्याह्यांना गाण्यातून शिव्या घालतात, ती फटाणी. दिवाळीबा आणि आमच्या गल्लीतली संतोकमा, ही जोडी. एकीने व्याह्याच्या पोटाचा विषय काढायचा, दुसरीने त्या पोटात काय काय गेलं ते मोजून सांगायचं. धोराजीचा एक व्याही चिडून पंगतीतून उठला होता. त्यानेच पुढे धाकट्या मुलाचं लग्न ठरवताना पहिला प्रश्न विचारला, "त्या दोघी येणार ना?"

दिवाळीबा गेली त्याला तीन हिवाळे झाले. वर्षश्राद्धाला जयसुखने मनात आणलं, बाचं, म्हणजे आईचं, एखादं फटाणं लावू. कपाट उपसलं. आई सापडली, साठ-सत्तर लग्नांत सापडली. निळ्या साडीत, हिरव्या साडीत, तोंड उघडतंय, हात नाचतोय, समोरचा व्याही लाजून मान खाली घालतोय. आणि आवाज सिनेमातल्या गाण्याचा. लग्नाच्या व्हिडिओत खरा आवाज आमच्याकडे कोण ठेवतो? भांड्यांचा खणखणाट, पोरांची रडारड, आचाऱ्याची भांडणं पुसून टाकायची आणि वर गाणं चढवायचं, हीच रीत. मूळ कॅसेटी पुढच्या लग्नाला वापरायच्या, हीही रीत. तीस वर्षांत जयसुखने स्वतःच्या आईच्या तोंडात स्वतःच्या हाताने परकं गाणं कोंबलं होतं.

तीच फटाणी आता एकाच गळ्यात उरली होती. संतोकमा ब्याऐंशीची. मुलगा विलायतेत, लेस्टरला. नातीचं, जल्पाचं, लग्न लावायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीला घेऊन कायमचं विमानात बसायचं, असं त्याने ठरवून टाकलं. म्हणजे हातात एकच दिवस होता, लग्नाचा.

"मोबाइलवर घे की," मी म्हटलं.

"घेऊन बघितलंय, काका. मोबाइल समोर धरला की या बाया डोक्यावर पदर घेऊन भजन सुरू करतात. शिव्या देताना कुणाला सापडायचं नसतं. लांबूनच ऐकायला पाहिजे."

"लांबून ऐकायला मी आहे ना."

"तुम्ही ऐकता एक आणि सांगता भलतंच."

तर हा राजकोटला गेला. कॅमेऱ्याचा स्वतःचा कान चारी बाजूंचं ऐकतो. याला हवा होता शॉटगन माइक. बंदुकीच्या नळीसारखा, जिकडे रोखाल तिकडचंच ऐकणारा. दुकानदार किरीटभाईने तीन-चार नळ्या काचेवर मांडल्या.

"हा लांब घ्या, जयसुखभाई. शंभर फुटांवरची कुजबुज धरतो."

"खरंच शंभर?"

"सासूसुनेची असेल तर दीडशे."

जयसुख लांब नळी घेऊन आला. घरी आल्यावर कळलं की तिची पिन तीन काट्यांची आणि याच्या कॅमेऱ्याला बारीकसं एक भोक. शिवाय नळीला वीज लागते, ती कॅमेऱ्यातून मिळत नाही. मधे एक डबी लागते. "आधी सांगायचंत की," असं किरीटभाई फोनवर म्हणाला. दुकानदाराचा तो हक्कच असतो. डबी संध्याकाळच्या एसटीने आली.

दुसऱ्या दिवशी जयसुख स्टुडिओच्या गच्चीवर चढला, नळी माझ्या ओट्यावर रोखली आणि ओरडला, "काका, काहीतरी बोला!"

"काय बोलू?"

"रोज बोलता तेच!"

मी बोललो. मग खाली येऊन त्याने ऐकलं, मलाही ऐकवलं. रिक्षा होती. पारवे होते. समोरच्या भिंतीवर आपटून परत आलेला भंगारवाला होता. आणि फार लांब, विहिरीच्या तळाशी एक म्हातारा पुटपुटत होता. तो मी.

जयसुखचा चेहरा पडला. त्याने नळी हळूहळू जवळ आणायला सुरुवात केली. वीस फूट, दहा फूट, पाच. तीन वितींवर आली तेव्हा माझ्या कवळीचा टकटक आवाजसुद्धा ऐकू आला. आणि "मंजुलाने यंदा उडदाचे अडदिये केले त्यात तूप फक्त वासाला होतं," हे माझं वाक्य तर इतकं स्वच्छ आलं की मागे उभ्या मंजुलाने माझ्या हातातलं अडदियांचं ताट काढून घेतलं.

"म्हणजे ही लांबचं जवळ आणतच नाही," जयसुख फेऱ्या मारत म्हणाला. "नुसतं आजूबाजूचं टाकून देते. जवळ तर जायलाच लागणार."

"जवळ गेलास की भजन."

"तेच तर!"

पुन्हा राजकोट. या खेपेला त्याने किरीटभाईला बोलू दिलं नाही, एकेक नळी स्वतः कानाला लावून ऐकली. लांब नळी म्हणजे अरुंद कान. संतोकमा गाताना डोलते, हात उडवते, शिवी ज्याची त्याच्याकडे मान वळवते. जरा बाजूला झाली की गेली. आखूड नळी थोडी माफ करते. म्हणून आखूड घेतली. किरीटभाईने पदराला लावायचा चिमुकला माइकही दाखवला. जयसुखने गावात येऊन संतोकमाला विचारलं.

"गळ्यात घंटा बांधून घ्यायला मी काय जाफराबादी म्हैस आहे?" संतोकमा म्हणाली. "आणि तुला एवढा पुळका कशाला रे माझ्या आवाजाचा?"

"असंच, मा. सहज."

सहज म्हणताना तो उंबऱ्यावर एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होता. खरं कारण सांगायची त्याला लाज वाटत होती. ज्या बाईने त्याच्या आईच्या बरोबरीने तीस वर्षं घसा फोडला, तिला काय सांगणार, की सगळं पुसलं?

तिसरी खेप वाऱ्यासाठीच्या केसाळ टोपीची. मांडवातल्या पंख्यांचा वारा माइकमध्ये घुसू नये म्हणून ती घालतात. रात्री टेबलावर राहिली. सकाळी मंजुलाने घूस समजून तिला झाडूने चार ठेवून दिल्या.

शेवटी तोड निघाली. बायांची सतरंजी जिथे पडणार तिथे, मांडवाच्या बांबूला, अशोकाच्या पानांच्या तोरणात जयसुखने माइक उलटा टांगला. केसाळ टोपीवर पानं बांधली. संतोकमाच्या डोक्यावर चार फूट, तोंड खाली. वायर खांबाखांबाने स्टँडवरच्या कॅमेऱ्यापर्यंत. वर बघून मला तरी काही दिसेना, आणि मला न दिसणारं या गावात फारसं काही नाही.

लग्न सकाळचं. जुनागढचं वऱ्हाड आलं, बँडवाले दमून मागच्या बाजूला चहाला गेले आणि संतोकमाने पदर कमरेला खोचला. नऊ फटाणी म्हटली तिने. व्याह्याच्या रंगवलेल्या मिशीपासून जी सुरुवात केली ती त्याच्या मोटारीच्या हप्त्यांपर्यंत पोचली. विहीणबाई हसून हसून रुमाल चावत होत्या. जयसुख गळ्यात दुसरा कॅमेरा अडकवून बायांभोवती चौफेर धावत होता. मधेच माझ्याकडे बघून त्याने दोन्ही अंगठे वर केले.

संध्याकाळी त्याने मला स्टुडिओत बोलावलं आणि हेडफोन माझ्या कानावर चढवला.

अहाहा! संतोकमाचा श्वास ऐकू येत होता. बांगड्या ऐकू येत होत्या. शिवीच्या आधी ती गिळते तो आवंढा ऐकू येत होता. आणि त्या सगळ्याच्या वर:

"मा, इकडे बघा! मामा, डोक्यावरचा हात काढा! हसा, हसा! ओ लाल साडी, बाजूला! ताट वर, अजून वर! परत एकदा!"

जयसुख. नऊच्या नऊ फटाण्यांत. दोन ओळी सलग मोकळ्या नव्हत्या. आवाज कधी ठेवायचाच नसतो, त्यामुळे आमच्या कुठल्याही व्हिडिओवाल्याला तोंड मिटून काम करायची सवय नाही. कॅमेरा हातात आला की जीभ आपोआप सुरू होते. आठ दिवस याने पंखे, बँड, भांडी, वारा सगळ्यांचा बंदोबस्त केला. स्वतःचा करायचा राहिला. माफ करते म्हणून आखूड नळी घेतली होती, तिने त्यालाही माफ करून आत घेतलं.

मी हसणार होतो. त्याच्याकडे पाहिलं आणि खोकलो.

सकाळी साडेसातला तो संतोकमाच्या दारात. मी मागोमाग, अर्थात. ओट्यावर बॅगा बांधून ठेवलेल्या, गाडीवाला काच पुसतोय.

"मा, एकदा गा. एकच."

"कुणासाठी?"

"माइकसाठी."

"मेल्या, फटाणं काय आरती आहे, रिकाम्या ओट्यावर म्हणायला? समोर व्याही लागतो. पोट लागतं, मिशी लागते. आणि काल नऊ घेतलीस, ती काय केलीस?"

जयसुखने सांगितलं. कालचं सांगितलं, मग कपाटातलंही सांगितलं. साठ-सत्तर लग्नं, निळी साडी, हिरवी साडी. बोलताना तो जागचा हलला नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

संतोकमा बॅगेवर बसली. "म्हणजे आम्ही दोघींनी घसा फोडला आणि तू वर सिनेमातली नाचरी बसवलीस?"

"हो, मा."

"दिवाळीला ठाऊक होतं?"

"ती बघायचीच नाही. म्हणायची, मी काय गायले ते मला माहितीय, बघायचं काय त्यात?"

म्हातारीने जयसुखला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिची नजर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"हा वजुडा चालेल," ती म्हणाली. "याला चाळीस वर्षांपासून द्यायच्यात. बसव त्याला."

पाट आला. माझ्या डोक्याला गाडीवाल्याचं फडकं बांधलं. जयसुख धावत जाऊन माइक आणि कॅमेरा घेऊन आला, कॅमेरा उंबऱ्यावर चालू करून ठेवला, माइक मंजुलाच्या कपडे वाळत घालायच्या काठीला बांधला आणि संतोकमाच्या तोंडावर, दोन हात वर, धरून उभा राहिला. खालचा ओठ दातांत घट्ट.

*वजु व्याही आले गं बाई, कात्री घेऊन हाती,*
*चार वार कापड दिलं, झंपर झाला विती!*
*उरल्याची चोळी ल्याली, शेजारीण ती कोण ती?*

चोळीचं साफ खोटं आहे, हे इथे लिहून ठेवतो. कापडाचं राहू द्या.

आजूबाजूच्या बाया दारात जमल्या. दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. माझे वडीलसुद्धा सुटले नाहीत. चौथं उचललं:

*व्याह्याला वाढा गं बाई लाडू बारा बारा...*

आणि थांबली.

"अगं, पुढे?" मी म्हटलं.

"पुढची ओळ माझी नाही. दिवाळीची आहे." तिने मान वर करून काठी धरणाऱ्याकडे पाहिलं. "काल नको तिथे बोललास. आता बोल."

जयसुखने दातांतला ओठ सोडला. गळा साफ करावा असंही त्याला सुचलं नाही. सूर कुठला, ताल कुठला, नुसता घोगरा आवाज:

*पोट म्हणतं आण अजून, सदरा म्हणतो पुरा!*

"हां," संतोकमा म्हणाली, आणि पुढची उचलली. ती एक, तो एक. आईची एक ओळही तो चुकला नाही. चौथं संपलं, पाचवं झालं, सहाव्याच्या मधे तिच्या मुलाने रस्त्यावरून हाक मारली, गाडीवाल्याने हॉर्न दिला, तरी तिने सहावं पुरं केलं. मग उठली, माझ्या डोक्यावरचं फडकं काढून गाडीवाल्याच्या अंगावर टाकलं, जयसुखच्या गालावर एक हलकी चापट मारली आणि गाडीत बसली. दार लागलं, गाडी वळली, बाया आपापल्या घरात गेल्या.

जयसुख मात्र काठी तशीच धरून उभा. खाली रिकामा ओटा, उंबऱ्यावर कॅमेऱ्याचा लाल दिवा अजून लागलेला.

"अरे, गेली ती," मी म्हटलं. "आता काय धरतोयस?"

त्याने एक हात सोडवला आणि बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं.