चिंधीचा बोळा

मला एका सापाचा मत्सर वाटत होता. मत्सर करायचाच तर माणसाने जाऊबाईंच्या दागिन्यांचा करावा, शेजारणीच्या मोठ्या स्वयंपाकघराचा करावा. मी केला तो दीड फूट लांब आणि अंगठ्याएवढ्या जाड अजगराच्या पिल्लाचा.

परदेशी जातीचं पिल्लू होतं ते. विष नाही, वाढूनही फार तर चार फूट होणार, सरकारी नोंद, कागदपत्रं, सगळं रीतसर. नवऱ्याने ते जे. पी. नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं तेव्हा आम्हाला पुण्याहून बेंगळुरूला येऊन सहा वर्षं झाली होती. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, असं मी म्हटलं. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

मला खुपायची ती हॉलमधली भिंत. माझं शिवणाचं मशीन सहा वर्षं मागच्या बाल्कनीत, कपडे धुवायच्या मशीनशेजारी अंग चोरून उभं होतं. मी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते. हॉलमधल्या त्या भिंतीशी सकाळचा छान उजेड येतो, तिथे मशीन ठेवू, असं मी दोन वर्षं सांगत होते. "बघू गं," एवढंच उत्तर. पिल्लू मात्र प्लास्टिकच्या डब्यात तीन महिने राहिलं नाही तोच इथल्याच, बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या सुताराकडे चार फुटी पेटी तयार झाली आणि टेम्पोतून येऊन माझ्या भिंतीशी बसली. पुढे सरकती काच, काचेला कुलूप, मागे हीटरच्या वायरीसाठी भोक.

नुसती पेटी आणून भागत नाही, हे मला तेव्हा कळलं. "लहान पिल्लाला एकदम मोठी जागा दिली ना, की ते घाबरतं," नवरा सांगायचा. "उघड्यावर पडल्यासारखं वाटतं त्याला. खाणं सोडतं." म्हणून त्याने ती पेटी भरायला घेतली. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, आणि दोन्हीकडे लपायला एकेक छोटी ढोली, अंग चारी बाजूंनी टेकेल इतकीच. मधे झाडाच्या साली, धुऊन वाळवलेली पानं, प्लास्टिकच्या वेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याला कुठेही उघड्यावरून जावं लागू नये, म्हणून हा माणूस गुडघ्यांवर बसून एकेक पान लावत होता. मी चहा घेऊन मागे उभी होते. चहा निवला.

आम्ही इथे आलो तेव्हा मीही अशीच एकदम मोठ्या जागेत येऊन पडले होते. तीन खोल्यांचा रिकामा फ्लॅट, खाली कळत नसलेली भाषा, आणि हा सकाळी आठला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मीही तेव्हा धड जेवत नव्हते. ते कुणी वहीत लिहून ठेवलं नव्हतं. पिल्लाने कधी खाल्लं, किती खाल्लं, वजन किती, याची वही मात्र पेटीवरच असायची. माझा जळफळाट होत होता, आणि तो मला लपवावासाही वाटत नव्हता.

सगळी तयारी झाली तो दिवस नेमका नागपंचमीचा आला. सासूबाईंनी साताऱ्याहून बजावलं होतं की संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्यांना नव्या पेटीतला नागोबा बघायचाय. आता या अजगराला फणा कुठला, पण त्यांना कोण सांगणार! मी पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती. एवढ्यात हा करवत आणि प्लायचा तुकडा घेऊन आला. पेटीमागचं भोक मोठं होतं, हीटरचा प्लग त्यातून बाहेर काढता यावा म्हणून सुताराने तसं पाडलेलं. आता वायरीपुरती खाच ठेवून त्यावर प्लायची पट्टी कापून बसवायची होती.

"आज काही कापायचं नाही या घरात," मी म्हटलं.

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे. जिथून त्याचं डोकं जातं ना, तिथून ते अख्खं जातं."

"नागपंचमी आहे. चिरायचं नाही, कापायचं नाही. तुझ्या आईला विचार हवं तर."

तो लहानपणापासून हेच ऐकत आला होता. करवत खाली ठेवत म्हणाला, "मग पिल्लूही उद्याच हलवतो."

"आणि आईंना काय रिकामी पेटी दाखवणार? आजच्या दिवस चिंधी कोंब. उद्या काप काय कापायचं ते."

चिंधी मीच दिली. माझ्या पिशवीतली, जुन्या सुती साडीची. त्याने तिचा बोळा करून भोकात घट्ट दाबला, दोनदा ओढून पाहिला आणि पिल्लू पेटीत सोडलं. संध्याकाळी सासूबाईंनी फोनच्या पडद्याला हळदकुंकू लावलं.

सकाळी बोळा जमिनीवर पडला होता आणि पेटी रिकामी होती.

खरं सांगते, माझ्या मनात आधी आलं ते हे, की सुंठीवाचून खोकला गेला. मग मी त्याचा चेहरा पाहिला. त्याने ऑफिसला सुट्टी टाकली. मला डेंग्यू झाला होता तेव्हा हा कानाला हेडफोन लावून पलंगाशेजारी मीटिंग करत बसला होता. पिल्लासाठी तीन दिवसांची सुट्टी. सोफा उलटा केला, कपाटं सरकवली, भिंतीच्या कडेकडेने पीठ भुरभुरवलं, म्हणजे सरपटल्याची रेघ उठेल. आमच्या खालच्या मजल्यावर इथे तीन पिढ्या राहिलेलं मराठी कुटुंब आहे, तिथल्या अक्कांना सांगायला मला पाठवलं. मला वाटलं आता आरडाओरडा होणार.

"चावतं का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही हो अक्का. विषारी नाही, लहान आहे."

"सरी, बरं. मग स्वल्प दिवस मी बाल्कनीचं दार लावून ठेवते. तुझ्या यजमानांना सांग, काळजी करू नका. तूही नको करू."

मी काळजी करतेय असं त्यांनी धरून चाललं होतं. मला तिथे उभं राहवेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या बाल्कनीत मशीनपाशी गेले. काहीतरी शिवल्याशिवाय माझे हात शांत होईनात. दोऱ्याचं रीळ घ्यायला खालचा खण ओढला, तर गोधडीच्या तुकड्यांच्या मधोमध पिल्लू होतं. गोळा होऊन, डोकं आत घालून, चारी बाजूंनी कापडाला टेकून.

मी हाक मारली नाही. खण अर्धा ओढलेला तसाच ठेवून मी स्टुलावर बसले. आत बेडरूममध्ये तो पलंग सरकवत होता, त्याचा आवाज येत होता. मधेच थांबून तो हलक्या आवाजात पिल्लाशी बोलायचा, "कुठे गेलास रे, बाहेर ये," असं. मी ऐकत राहिले. मी हरवले असते तर यानं असं शोधलं असतं का, हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात होता, आणि तो विचारायला माझ्याकडे खणात ओलीस ठेवलेला जीव होता. पिल्लाची कातडी दर श्वासाला जराशी वर यायची. त्याने तीन दिवस पाणी प्यायलं होतं की नाही, देव जाणे. ते दिसल्यावर माझीच मला लाज वाटली.

"इथे आहे," मी ओरडले. "माझ्या मशीनमध्ये."

तो धावत आला. दोन्ही तळव्यांवर पिल्लू उचललं, वजन केलं, जुन्या डब्यात ठेवून पाण्याची वाटी पुढे केली. मग जमिनीवर बसला आणि डोळे पुसले. "थँक्यू," म्हणाला. तो शब्द मला झेपला नाही.

"मी त्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी कात्रीने कापली होती," मी म्हटलं.

"काय?"

"नागपंचमीला. कापायचं नाही, हे माझ्या लक्षातही नव्हतं. तू करवत आणलीस तेव्हा आठवलं. तुझं काम अडावं म्हणून म्हणाले मी. पिल्लू हरवावं असं नव्हतं मनात. पण एक दिवस तरी तुझं अडावं."

"का पण?"

"ती भिंत मी मागितली होती."

"कधी?"

तो चिडून विचारत नव्हता. त्याला खरोखरच आठवत नव्हतं, एकदाही नाही. मग मी सांगितलं. पडदे लावले त्या दिवशी. माझ्या वाढदिवसाला. मशीनवर पावसाचं पाणी पडून चाक गंजलं तेव्हा. डेंग्यूतून उठल्यावर. पिल्लू आणायच्या आदल्या आठवड्यात, तू फोनवर पेट्यांची चित्रं बघत होतास तेव्हा.  काचेसमोर बसून तो पिल्लू कधी बाहेर येतं याची वाट बघताना जसा बघायचा, अगदी तसाच माझ्याकडे बघत राहिला. याच नजरेसाठी मी इतके महिने जळत होते, आणि आता मला मान वर करून तिच्याकडे बघवेना.