माय डॉटर कम्स इव्हेन्चुअली

मला लोकांच्या चुका काढायची खोड आहे, अगदी लहानपणापासून. हॉटेलच्या मेन्यूकार्डात 'मिसळ'चा 'मि' दीर्घ दिसला की मला घास गिळवत नाही. नवरा म्हणायचा, "हिने आमच्या लग्नपत्रिकेत मुहूर्त नाही बघितला, वेलांट्या बघितल्या." खरंच होतं ते. पण या खोडीचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं, उलट थोडा माजच होता. तो कसा उतरला ते सांगते.

दोन हजार तीनच्या सुमाराचा हिवाळा. आम्ही मिशिगनमध्ये, नोव्हायला राहत होतो. नवरा गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनियर. सकाळी साडेसातला गाडी घेऊन जायचा तो संध्याकाळी सहाला उगवायचा. माझा व्हिसा डिपेंडंट, म्हणजे नोकरी करायची नाही. गाडी एकच, माझ्याकडे लायसन्स नाही, रस्त्याला फुटपाथ नाही आणि बाहेर बर्फाचे ढीग. पुण्यात मी एका कंपनीत जर्मन कागदपत्रांची भाषांतरं करायचे, तिथे माझ्या शब्दाला मान होता. इथे मी डिशवॉशर लावायचे आणि काढायचे. शनिवारी पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एक तरी काकू विचारायच्याच, "मग दिवसभर काय करतेस गं?" अस्सा राग यायचा!

अशाच एका सकाळी इंटरनेटवर ती चॅटरूम सापडली. जर्मन बोलणारी माणसं तिथे जमून इंग्लिशचा सराव करायची. हवापाणी, जेवणखाण, कुत्री-मांजरं, काय वाटेल त्या गप्पा. नियम दोनच. जर्मन लिहायचं नाही, आणि कुणाची चूक दिसली तर खाली एक चांदणी, म्हणजे कीबोर्डवरचं ते ताऱ्याचं चिन्ह, टाकून बरोबर वाक्य लिहायचं. माझ्यापुढे तर पंगतच वाढून ठेवली होती की! कुणीतरी विचारलं, तुम्ही कुठल्या? मी लिहिलं, मिशिगन. खोटं नव्हतं ते. त्यांनी मला अमेरिकन समजून टाकलं आणि मी समजू दिलं. जर्मन येतं हेही लपवलं, मिशिगनच्या बाईला कुठून येणार जर्मन! आठवड्याभरात सगळे मला 'टीचर' म्हणायला लागले. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

त्यांच्या चुकाही मजेदार. जर्मनमध्ये मिळण्याला 'बेकोमन' म्हणतात, म्हणून ही मंडळी इंग्लिशमध्ये 'बिकम' लिहायची. हॉटेलात गेलेला माणूस लिहायचा, "आय बिकम अ सूप." मी त्या रिकाम्या घरात एकटीच खो खो हसायचे. मग चांदणी टाकून दुरुस्त करायचे.

तिथे एक म्हातारी बाई रोज यायची. माझे सकाळचे नऊ म्हणजे तिकडे जर्मनीत दुपारचे तीन, कॉफीचा कप घेऊन बसायची. निवृत्त शिवणशिक्षिका, नवरा गेलेला, एकटीच राहायची. एकुलती एक मुलगी टेक्ससमध्ये, अमेरिकन माणसाशी लग्न केलेली. पाच वर्षांच्या नातीला जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं. आजीने फोनवर काही विचारलं की ती पोर "व्हॉट?" म्हणायची आणि फोन आईकडे देऊन पळायची. म्हणून आजी इंग्लिश शिकत होती. तिला नातीशेजारी बसून गप्पा मारायच्या होत्या, बस, एवढंच. "व्हॉट डिड यू ईट टुडे?" हे वाक्य तिने माझ्याकडून वीसदा तरी तपासून घेतलं असेल. प्रत्येक शब्द ती वहीत उतरवायची.

तिला कॅन्सर होता. "आय बिकम अगेन अ न्यू मेडिसिन," असं तिने एकदा लिहिलं. मी चांदणी टाकली आणि 'बिकम'चं 'गेट' केलं. औषध कशाचं, हे विचारायचं मला सुचलंही नाही. दुसऱ्या कुणीतरी विचारलं, तेव्हा कळलं.

जानेवारीच्या सुरुवातीला तिने थेट मलाच विचारलं. टीचर, तुम्हाला काय वाटतं? दोन उपचारांच्या मध्ये तीन आठवडे डॉक्टर विमानाने जाऊ देतात, नंतर नाही. तिकीट काढून ठेवलंय. जाऊ, की थांबू? आणि पुढे लिहिलं, "माय डॉटर कम्स इव्हेन्चुअली इन मार्च."

मला काय दिसलं? 'कम्स' दिसलं. मी लगेच चांदणी टाकून लिहिलं, "माय डॉटर इज इव्हेन्चुअली कमिंग इन मार्च." आणि वर सल्लाही दिला. मुलगी येतेच आहे ना, मग अशा तब्येतीत एवढी दगदग कशाला? थांबा की!

दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं, "आय हॅव कॅन्सल्ड द टिकेट. इज द सेंटेन्स करेक्ट?" मी लिहिलं, परफेक्ट.

मार्च आला. मुलगी आली नाही. तिला सुट्टी मिळत नव्हती म्हणे. माझा पाराच चढला, आजीच्या वतीने. मी लिहिलं, पण तुम्हीच म्हणाला होतात ना, इव्हेन्चुअली! तिने शांतपणे लिहिलं, "येस. इव्हेन्चुअली. पर्हॅप्स येस, पर्हॅप्स नो."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. जर्मनमध्ये 'एव्हेंटुएल' म्हणजे कदाचित. जमलं तर. आपण म्हणतो ना, 'बघू', तेच. दर रविवारी माझी आई फोनवर विचारायची, कधी येतेस? मी म्हणायचे, "बघू गं." पुढे ती बिचारी काही विचारायची नाही, कारण 'बघू'चा अर्थ तिला बरोबर कळायचा. या बाईनेही 'बघू'च लिहिलं होतं. इंग्लिशमध्ये तोच शब्द लिहिला की 'शेवटी होणारच' असा अर्थ होतो, आणि मी व्याकरण नीट करून, चांदणी लावून, तो पक्का करून टाकला. बरं, मला माहीत नव्हतं असंही नाही. पुण्यात जर्मनच्या बाईंनी फसव्या शब्दांची यादी फळ्यावर लिहिली होती, त्यात हा होता. पैकीच्या पैकी मिळाले होते मला त्या चाचणीत.

तेव्हाच्या तेव्हा माफी मागायला हवी होती. चूक माझी, मला जर्मन येतं, मी अमेरिकन नाही, तुमचं तिकीट माझ्यामुळे गेलं. एवढं लिहायला किती वेळ लागतो? मी काय लिहिलं माहितीये? चांदणी टाकली आणि लिहिलं, इव्हेन्चुअली म्हणजे शेवटी, नक्की. तुम्ही 'मेबी' लिहायला हवं होतं.

तिचं उत्तर आलं, "थँक यू, टीचर. आय राइट इट इन माय नोटबुक. माय मिस्टेक."

लाज वाटली, फार लाज वाटली. स्वयंपाकघरात जाऊन उगीचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली. नवरा घरी आल्यावर विचारत होता काय झालं, त्यालाही सांगितलं नाही.

त्यानंतर ती कधी यायची, कधी नाही. एकदा लिहिलं, आज दमलेय, नुसतं वाचते. मग येईनाशी झाली. मी रोज नऊला जाऊन बसायचे. आली की सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा तयार होती.

मे महिन्यात एका सकाळी तिचं नाव चॅटरूममध्ये हजर असलेल्यांच्या यादीत दिसलं. मी घाईघाईने लिहिलं, कुठे होतात इतके दिवस? मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय.

उत्तर सफाईदार इंग्लिशमध्ये आलं. मी त्यांची मुलगी. आई एप्रिलमध्ये गेली. मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. आता तिचं घर आवरतेय. उशाशी एक वही सापडली, इंग्लिश शब्दांची. शेवटच्या पानावर एकच शब्द आहे, इव्हेन्चुअली, खाली दोन रेघा मारलेल्या आणि शेजारी चांदणी. आई सांगायची, इथल्या टीचर अमेरिकन आहेत, कडक आहेत पण मनाने चांगल्या आहेत. तुम्हीच ना त्या? तुम्ही तिच्यासाठी जे केलंत त्याबद्दल मनापासून आभार.

आणि खाली आणखी एक ओळ. तुम्हाला आईला काहीतरी सांगायचं होतं का?

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी सुरू करून निघून गेलं. मग मी लिहिलं, "नथिंग इम्पॉर्टंट. यू आर वेलकम."