काडीवरचं तेल

दोन म्हातारे मोटारवाले एका बाजेवर बसले, की आधी गुडघ्यांची तक्रार होते अन् मंग जुन्या मालकांची. गुडघ्यांचं लवकर उरकतं. मालकांचं काही केल्या संपत न्हाई! एक किस्सा सांगायला घ्यावा, तर मागं चार उभेच.

मी किसन मिस्त्री, तीर्थपुरीचा. निजामाच्या राज्यात जालन्याला एका जहागीरदाराच्या मोटारखान्यात होतो. त्यांना आम्ही ‘सरकार’ म्हणायचो. हे किस्से त्यांच्या एकाच मोटारीच्या तेलाचे. आज तुम्ही हसताल, पण तेव्हा आमची पाचावर धारण बसायची.

गाडी विलायती, दोन सीटची, उघडी, रेसची. सरकारांनी मुंबईहून आणली तेव्हाच ती जुनी होती. पळायला तेज, पण तेल प्यायची भारी. माझ्या आधीच्या मिस्त्रीचं एकदा तेल बघायचं राहिलं अन् इंजिन जाम झालं. दिवस मावळायच्या आत तो बायकापोरांसकट जहागिरीच्या हद्दीबाहेर! घर जहागिरीचंच होतं ना. आता त्याच घरात मी राहत होतो, अन् माझी बायको गंगू सातव्या महिन्यात होती.

*

पहिल्या दिवशी ड्रायव्हर करीमचाचांनी मला इंजिनातलं तेल मोजायची काडी दाखवली. हातभर लांब पोलादी पट्टी, टोकाजवळ दोन रेघा.

“काढायची, पुसायची, परत घालायची, मंग काढून बघायची. तेल वरच्या रेघेच्या वर गेलं तर मेलास. खालच्या रेघेच्या खाली गेलं तरी मेलास.”

“मंग जगायचं कुठं, चाचा?”

“दोन्हीच्या मधी. बारा वर्षं झाली, मी तिथंच राहून राह्यलो!”

*

सरकारांचा आता कुणावरच भरवसा न्हवता. त्यांचा हुकूमच होता, की रोज सकाळी काडी व्हरांड्यात आणून दाखवायची. पांढऱ्या रुमालावर! सरकार चहाचा कप खाली ठेवायचे, चष्मा लावायचे, काडी उजेडात धरायचे अन् म्हणायचे, “ठीक.”

एकदा चाचांना हिवताप आला. काडी घेऊन मी गेलो. चाचा काडी टोक खाली करून न्यायचे, हे मी बघितलंच न्हवतं. मी भीतीनं टोक वर धरलं, उदबत्तीसारखं. मोटारखान्यापासून व्हरांड्यापर्यंत तेल ओघळत पार माझ्या अंगठ्यापर्यंत आलं.

“इतना?” सरकार ओरडले. “जल्दी काढ, इंजिन फोडतोस का?”

काढलं बाबा, दोन शेर! दुसऱ्या दिवशी चाचा कसेबसे उठून आले, काडी टोक खाली करून घेऊन गेले. टोक कोरडं. सरकारांनी चष्मा काढला, आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

“कल इतना, आज कुछ नहीं. रात को पिया कौन?”

चाचांनी माझ्याकडं बघितलं अन् मी चाचांकडं. मी काढलेलं दोन शेर तेल परत ओतायला पळालो.

*

तेलाच्या कोठीची किल्ली मुनीमजींकडं. मोतीलालजी नावाचे मारवाडी गृहस्थ, स्वभावानं गाय, पण तेलाचा थेंब सांडला की त्यांचा जीव जायचा. म्हणून एकदा म्हणाले, “तुमचे हात कापतात. आज मी सोता ओतीन.”

पगडी सावरली, धोतर खोचलं, अन् आम्ही “मुनीमजी, तिकडं न्हाई!” म्हणेपर्यंत डब्यातलं अर्धं तेल त्यांनी रेडिएटरच्या पाण्यात ओतलं!

सरकार आत दुपारची झोप घेत होते. तासाभरात उठणार. आम्ही गरम पाणी अन् सोडा घेऊन रेडिएटर धुवून काढायला लागलो. मुनीमजी भिंतीशी बसून डोळे मिटून नवकार मंत्र म्हणायला लागले. तेवढ्यात चपलांचा आवाज आला. सरकार समोर! गाडीच्या तोंडातून फेस वाहून राह्यलेला.

“ये क्या है?”

चाचांनी झुकून सलाम केला.

“हुजूर, आज जुम्मा आहे. म्हटलं, गाडीला आंघोळ घालावी.”

सरकारांनी चष्मा लावला अन् फेस नीट बघितला. मंग म्हणाले, “कान के पीछे भी धोना,” अन् आत गेले. मुनीमजींनी त्यानंतर तेलाच्या डब्याला हात लावला न्हाई. किल्लीच आमच्याकडं फेकायचे, लांबून!

*

आता शेवटचा सांगतो.

दुसरी मोठी लढाई चालू होती. मुंबईहून तेल येईना. कोठीतला शेवटचा डबा संपला अन् काडीवरचं तेल रोज जरा जरा खाली सरकायला लागलं. एका सकाळी ते खालच्या रेघेच्याही खाली गेलं. गंगूचे दिवस भरत आल्ते. आता हद्दीबाहेर काढलं तर तिला घेऊन मी जाऊ कुठं, एवढंच माझ्या डोक्यात.

“चाचा, सांगून टाकू का?”

“तू सांग,” चाचा म्हणाले. “मला पाच लेकरं आहेत.”

सांगितलं न्हाई. घरच्या दिव्यातलं एरंडेल आणलं, त्यात काजळी कालवली अन् बोटानं काडीला लावलं. बराबर दोन रेघांच्या मधी! सरकारांनी बघितलं, म्हणाले, “ठीक.” गाडी संध्याकाळी गावातल्या गावात एक फेरी मारायची. म्हटलं, तेवढ्यानं काय होतंय? असे आठ दिवस काढले. रोज फेरीची मोटार परत आली, की मी इंजिनाला हात लावून बघायचो अन् मनातल्या मनात हात जोडायचो.

नवव्या दिवशी सरकारांनी काडी बघितली, “ठीक” म्हणाले अन् उठलेच.

“गाडी काढा. अंबडला जायचंय. मीच चालवणार. किसन, तू बाजूला बस.”

चाचांचा चेहरा चुन्यासारखा झाला. मी बसलो. गाडी जालन्याच्या बाहेर पडली, सरकारांनी वेग वाढवला. माझी नजर समोरच्या घड्याळातल्या तेलाच्या काट्यावर. काटा थरथरायला लागला, मंग खाली यायला लागला. बोललो तर घर जाणार. न बोललो तर इंजिन जाणार, अन् घरही जाणार. एक मैल गेला. दुसरा गेला. काटा पार तळाला टेकला अन् मला गंगूचं तोंड दिसलं.

“सरकार, थांबा! तेल न्हाई! काडी मीच रंगवत होतो. खोटं होतं सगळं. मला काय करायचं ते करा, पण बायकोचं बाळंतपण होईस्तोवर घरात राहू द्या!”

सरकारांनी कच्चकन ब्रेक मारला. गाडी एका बाभळीखाली उभी राह्यली. इंजिन बंद केलं. मी डोळे मिटून घेतले. आता थप्पड येणार का वेताची छडी, तेवढंच बघायचं होतं.

काहीच आलं न्हाई. डोळे उघडले तर सरकारांनी सीटमागून तेलाचा सीलबंद डबा ओढून काढला होता. मागून कळलं, काल संध्याकाळी स्टेशनवरून तो थेट बंगल्यावर आल्ता. त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला, अन् कपाळावरचा घाम चष्म्यावर ठिबकून राह्यलेला.

“अरे बाबा, दो मील से मेरी जान हलक में अटकी है!” ते म्हणाले. “काडीला आज एरंडेलाचा वास आला, म्हटलं तू आपणहून सांगशील, तर तू बोलतच न्हाईस!”

डबा त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला.

“ओत आता. अन् सुन, मी भ्यालो होतो हे करीमला सांगू नको.”