मंजुषाचं विरजण

चारुदत्तच्या दारूला कंटाळून मंजुषा पुण्याला निघून गेली, ही बातमी माझ्या कानावर आली ती याकूबभाईच्या बकाल्यात, म्हणजे खालच्या वाणसामानाच्या दुकानात, अंडी घेताना. पुढे टॉवरभर ती कुणी नेली, हे विचारू नका. दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमध्ये मुलाकडे राहणाऱ्या निवृत्त माणसाला दुसरा उद्योग तरी काय असतो?

शिवाय पुरावे होते. याकूबभाई रत्नागिरीकडचा, तोलूनमापून बोलणारा माणूस. तो म्हणाला की चारुदत्त पाच पाच किलो जव नेतो आणि घरी जनावर तर एकही नाही. बाराव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये आंबूस वास होता. आणि मंजुषा महिनाभर कुणाला दिसली नव्हती. एवढ्यावर आम्ही निकाल देऊन मोकळे झालो. अकराव्यावरच्या बायका तर लिफ्टमध्ये चारुदत्त आला की नाकाला ओढणी लावायच्या.

मग एका शनिवारी माझ्या बाथरूमच्या छतातून तपकिरी पाणी टपकायला लागलं. माझ्या डोक्यावर चारुदत्तचंच घर. तक्रारीचं आयतं निमित्त मिळालं, मी खुशीत वर गेलो. त्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या चष्म्यावरून फेस ओघळत होता. बाथरूममध्ये पिण्याच्या पाण्याची ती निळी मोठी बाटली आडवी पडली होती, बूच छताच्या पत्र्यात रुतलं होतं आणि भिंतीभर जवाचा चिखल.

"नळी बंद केली होती, काका," तो म्हणाला. "वासाबद्दल लोक बोलतायत म्हणून."

बाटलीतला गॅस बाहेर पडायला एक नळी असते. ती त्याने आमच्या तोंडांच्या भीतीने चिंधी कोंबून बंद केली होती. पाण्याचा पाइप त्याच दणक्याने निखळला होता. मी फडकं घेतलं आणि न विचारता फरशी पुसायला बसलो. तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

लग्नाआधी मंजुषा औरंगाबादला बिअरच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती. नोकरी सोडून दुबईला आली तेव्हा तिथलं यीस्ट मुरांब्याच्या बरणीतून घेऊन आली. विरजण म्हणायची ती त्याला. वीस वर्षं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ते जगवलं. दर दोन महिन्यांनी जवाला मटकीसारखे मोड आणायचे, वाळवायचे, भरडून शिजवायचे आणि त्या पाण्यावर विरजण पोसायचं. नाहीतर ते उपाशी मरतं. इथे घरी हे करायला परवानगी नाही, म्हणून वीस वर्षं गुपचूप. आता ती पुण्यात होती, उपचारांसाठी. मुलगी इरा तिथेच कॉलेजला, तिच्याजवळ. जाताना तिने नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती: मी येईपर्यंत बरणी जिवंत ठेव.

कॅन्सरचं कुणाला सांगू नकोस, असंही बजावलं होतं तिने. कीव नको होती तिला. चारुदत्तने माझ्याकडून शब्द घेतला. म्हणजे बघा, जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे खरी बातमी होती आणि ती सांगायची नव्हती. खोटी मात्र खाली हिंडत राहिली.

त्यानंतर मीही बाराव्यावर जायला लागलो. चारुदत्त जेबेल अलीला कोल्ड स्टोरेजचा इंजिनिअर. आठशे टन बटाटे एका अंशाचाही फरक न पडता सांभाळायचा. पण घरच्या पातेल्यापुढे त्याचं गणित चुकायचं. एकदा त्याने जव प्रेशर कुकरला लावले. भरड शिटीत अडकली आणि कुकरने सगळा लगदा एक्झॉस्टवर उडवला. एकदा काचेचा थर्मामीटर पातेल्यात फुटला, अख्खा घाणा टाकून द्यावा लागला. एकदा तोटी गळून रात्रभरात सगळं बेडरूमच्या गालिच्यात. चार घाण्यांत एक साधला. मंजुषाला व्हिडिओवर ग्लास दाखवला. डोक्याला स्कार्फ, गालांची हाडं वर आलेली, पण प्रश्न असा की फेस किती सेकंद टिकतो. आम्ही दोघं घड्याळ लावून बसलो. चाळीस. "हात बसायला लागला की तुझा," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर चारुदत्तने ग्लास सिंकमध्ये ओतला आणि बरणी दोन्ही हातांनी फ्रिजमध्ये ठेवली.

ऑगस्टमध्ये इराचा फोन आला, ताबडतोब निघा. तासाभरात तो एअरपोर्टला.

आता आपल्या लोकांची इथली एक रीत सांगतो. भारतात जायला निघालेलं प्रत्येक कुटुंब दाराबाहेर पडताना मेन स्विच खाली करतं. एसी चालू राहिला तर बिल येतं, गीझर चालू राहिला तर आग लागते. मंजुषा तर टॅक्सीत बसल्यावरही विचारायची, मेन बंद केलास ना? वीस वर्षांची सवय. पण तेव्हा बरणी बर्फात गुंडाळून तिच्याच बॅगेत असायची. त्या दिवशी डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं त्याला, पण हाताने आपलं काम केलं.

हॉस्पिटलमध्ये ती शुद्धीवर होती. त्याला बघून तिने सवयीनेच तेच विचारलं. तो म्हणाला, "हो, अगदी आठवणीने."

तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. म्हणाली, "बरं केलंस."

चौदा दिवसांनी तो परतला, इरासोबत. कुलूप उघडलं तेव्हा मी तिथेच होतो. घर भट्टीसारखं तापलेलं. फ्रिजचं दार उघडल्यावर कुजका वास आला, आणि मेनबरोबर फ्रिजही बंद झाला होता हे चारुदत्तला तेव्हा कळलं. बरणीत वर काळं पाणी आणि तळाशी राख बसावी तसा गाळ. तरी त्याने साखर घातली, कोमट पाणी घातलं, बरणी मांडीवर घेऊन बसला. एक बुडबुडा येईना. संध्याकाळी इराने बरणी हळूच त्याच्या हातातून काढून घेतली.

"बाबा, शी न्यू," ती म्हणाली. "द मोमेंट यू सेड इट, शी न्यू."

परवा याकूबभाईने पुन्हा विचारलं, बाई गेली ती परत आलीच नाही ना? माझा शब्द तिच्यापुरता होता, आणि ती आता नाही. म्हणून सांगितलं. मंजुषा नवऱ्याला सोडून गेली नव्हती. तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. बिअर ती करायची. चारुदत्तने आयुष्यात त्या बिअरचा एक थेंबही चाखलेला नाही.