शब्द येईस्तोवर

"हे काय हाय? सांग."

भायांनी तांब्या वर धरला. पंगत जेवायची थांबली.

म्या म्हणलं, "तांब्या."

"आन् हे?"

"काठी."

भाया म्हणजे माझ्या मालकाचे थोरले भाऊ. गावचे पाटील. त्यांच्या नातवाचं बारसं व्हतं, अंगणात हट्टा गावचे पाव्हणे जेवून राहिले व्हते. मी वाढत व्हते. पळी हातात, पाव्हण्याचं ताट म्होरं, आन् वरणाला काय म्हणतात तेच आठवना. तोंडातून निघालं, "ते... पिवळं घ्या." एक जण हसला. मंग सगळी पंगत हसली. आन् भायांनी बसल्या जागेवरून माझी शाळा घेतली.

शेवटी त्यांनी पाळण्याकडं बोट केलं. "आन् त्याच्यात कोण निजलंय?"

सकाळीच नाव ठेवलेलं. पाळणा म्याच म्हणला व्हता. लेकराचं तोंड दिसत व्हतं, नाव येईना. मी उभीच. हातातल्या पळीतून वरण पायावर सांडून राहिलं, चटका बसला तरी पाय हलंना.

भाया पाव्हण्यांना म्हणाले, "बघा. घरच्या लेकराचं नाव इसरली. इच्या हातात वावर काय ऱ्हाईल?"

वरण मी इसरले. वावर त्यांना आठवलं. पर हे मला लई उशिरा कळलं.

माझे मालक पटकीत गेले. त्याच्या आधीच भावाभावांची वाटणी झालेली. नदीकडचं काळं वावर आमच्या वाट्याला आलं व्हतं, ते मीच करत व्हते. पोटाला एकच लेक, ती पुसेगावला दिलेली. घरात मी एकली.

त्या बारशाच्या साली माझं बाहेर बसणं थांबलं. पैलं दोन-दोन महिने चुकलं, मंग बंदच झालं. थंडीत अंगातून जाळ निघायचा. छातीतून उठायचा, मानंवरून कपाळाला जायचा. लुगडं भिजायचं. आन् डोसकं. घरातून निघायचे, इहिरीवर जाऊन उभी ऱ्हायचे, काहून आले ते कळायचं न्हाई. दूध चुलीवर जळून जायचं, वास शेजारणीला आधी यायचा. म्हशीला हाक मारायला जायचे आन् मेलेल्या बहिणीचं नाव निघायचं.

असं व्हतं, हे कुणी सांगितलंच न्हवतं. आयनं न्हाई, सासूनं न्हाई. बाया बाळंतपणाचं बोलतात. याचं बोलत न्हाईत.

पंगतीनंतर गल्लीतली पोरं माझ्या मागं लागली. "पिवळं! ए पिवळं!" भायांनी आपला गडी माझ्या वावरात घातला. म्हणाले, तुझ्याच्यानं आता व्हत न्हाई. म्या काईच म्हणलं न्हाई. काहून म्हणू? मला पटलं व्हतं. सगळ्यात वंगाळ तेच. उठल्या उठल्या मी भिताडाला टेकून बसायचे आन् एकेका वस्तूचं नाव घ्यायचे. चूल. जातं. सूप. खराटा. एखादं अडलं की पुन्हा पैल्यापासून सुरू करायचे. वाटायचं, मी आतून रिकामी होऊन राहिले. एक दिवस माझंबी नाव जाईल.

मंग भायांनी देवऋषी आणला. त्यानं माझे केस धरून मान वर केली, डोळ्यात बघितलं. मला न्हाई, भायांना म्हणाला, "बाहेरचं हाय. थानावर न्यावं लागंल."

थान म्हणजे देवाची जागा, डोंगरापल्याड. तिथं असल्या माणसांना खांबाला साखळीनं बांधतात, वारं उतरंपत्तूर. आमच्या गल्लीतली एक बाई नेली व्हती. ती माघारी आली न्हाई. तिचं लुगडं तेवढं आलं.

अमावास्येला गाडी जुपायचं ठरलं.

आदल्या दिवशी थोरल्या जाऊबाई माझं गठुडं बांधायला आल्या. भायांची बायको. लुगड्याच्या घड्या घालता घालता सहज बोलून गेल्या, "जाळ उठला की ओलं फडकं मानंवर टाकत जा. उतरतो."

जाळाचं म्या कुणालाच सांगितलं न्हवतं.

"तुमाला कसं ठावं?"

त्यांचे हात थांबले.

"जाऊबाई, तुमालाबी झालं व्हतं."

त्यांनी दाराकडं बघितलं. मंग हळूच म्हणल्या, "व्हय. दोन वरसं. लेकीच्या सासरचं गाव इसरले व्हते मी. पुन्हा आलं समदं ठिकाणावर. येतं."

"मंग तुमाला काहून न्हाई बांधलं?"

"माझा धनी जित्ता हाय," त्या म्हणल्या. "आन् माझ्या नावानं वावर कुठं हाय?"

गठुडं तसंच टाकून त्या निघून गेल्या.

मी बसून ऱ्हायले. जाळ उठला, अंगभर फिरला, उतरला. पैल्यांदाच त्याचं भ्याव वाटलं न्हाई. भायाबी इसरतात. पागोटं कुठं ठिवलं म्हणून घर डोक्यावर घेतात. बाप्या माणूस इसरला तर त्याच्या मागं व्याप लई. बाई इसरली तर तिला भूत. आन् रांडमुंड बाई इसरली तर साखळी. मला भूत लागलं न्हवतं. माझं वावर त्यांना सलत व्हतं.

सकाळी गाडी दारात आली. भाया, देवऋषी, गावातली चार माणसं. जाऊबाई दूर, पदर तोंडावर. भायासमोर आमी बाया इचारल्याबिगर कधी बोलत न्हाई. मी बाहेर आले. तोंड झाकलं न्हाई.

"भायाजी, मी इसरते. व्हय, इसरते. ह्या वयात बायांचं व्हतं तसं. ते भूत न्हाई. आन् मी गाडीत बसत न्हाई. तुमचा गडी काढून घ्या. माझं वावर नदीपासून त्या... त्या..."

शब्द गेला.

कुणीतरी खुदकन हसलं. देवऋषी म्हणाला, "बघा, धरली जीभ." भाया गाडीवाल्याकडं बघून राहिले. माझं कपाळ पेटलं, घाम डोळ्यात उतरला.

म्या म्हणलं, "थांबा. येतोय."

कुणी हललं न्हाई. जाऊबाईंच्या तोंडावरचा पदर जरासा खाली आला. मी उभी ऱ्हायले. बैलांनी माना हलवल्या, घुंगरं वाजली, गप झाली.

"बांधापत्तूर," म्या म्हणलं. "नदीपासून चिंचंच्या बांधापत्तूर. ते माझं हाय."

हात लावायला कुणी म्होरं आलं न्हाई. गाडी रिकामी गेली. भाया जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "दिवस कसले हायेत ठावं हाय ना? निजामाचं राज डुगडुगतंय, गावंच्या गावं खाली होऊन राहिली. असल्यात एकल्या बाईला कोण राखंल?"

मी तशीच वावरात गेले. त्यांचा गडी औत धरून काळ्या मातीत तास पाडून राहिला व्हता. मी बैलांच्या म्होरं जाऊन तासात बसले. नदीपल्याड कुठलंसं गाव जळत व्हतं, धूर आमच्याकडं सरकून राहिला व्हता.

"काकी, बाजूला व्हा. पाटलाचा हुकूम हाय," गडी म्हणाला.

म्या म्हणलं, "पाटलाला जाऊन सांग. औत न्यायचं तर माझ्या अंगावरून न्यावं लागंल. मी उठत न्हाई."