मागच्या बाकावरच्या बाई

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या विणकर वस्तीतल्या शाळेत तिसरीला शिकवत होते. दिवाळीनंतर एक अनोळखी बाई रोज माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसू लागल्या. कॉलेजातून संशोधनाला आल्यात, असं हेडमास्तर म्हणाले. मला ते पटलं नाही. त्या मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवायच्या आणि सुशीला नावाची मुलगी जागेवरून उठली की आधी घड्याळाकडे, मग माझ्याकडे बघायच्या. माझ्या बदलीला कारण शोधायलाच यांना धाडलंय, असं मी धरून चालले.

सुशीला सारखी उठून वर्गभर फिरायची आणि मी दर वेळी तिच्यावर ओरडायचे. कोणी बाई तिच्यावर नजर ठेवते, हे कानावर गेलं तशी तिची आई हातमाग सोडून शाळेत आली.

"माह्या पोरीले येडी ठरवून राहिल्या का तुमी?"

बाई उठून उभ्या राहिल्या. "नाही हो. मी मुलीला तपासत नाही, तिचा वर्ग तपासते आहे."

आईचा जीव भांड्यात पडला. माझा संशय मात्र वाढला, कारण वर्ग माझा होता.

दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "ती फिरते तेव्हा रागावू नका. बसलेली असते तेव्हा तिच्याशी बोला." यांचं म्हणणं खोटं पाडायचं म्हणून मी तसं करून पाहिलं. हळूहळू सुशीला जागेवर बसून गणितं सोडवू लागली.

शेवटच्या दिवशी घड्याळ मनगटावर बांधत त्या हसल्या. "तुमचाही आवाज आता खाली आलाय, बाई."

म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता.