पुढच्या शनिवारची सही

उकाड्यानं सकाळीच अंग चिकचिकत होतं. शिंपीकाकांनी इस्त्री तापत ठेवली, कापडावर पाण्याचा हबका मारला आणि नाक मुरडलं. पाण्याला कुबट वास मारत होता. आतल्या खोलीत आठ महिन्यांच्या नातीला तीन दिवस जुलाब होत होते.

हातातलं काम टाकून काका चार जिने चढले. गुडघे बोंबलत होते. गच्चीवर टाकीचं झाकण बाजूला उलटं पडलेलं, त्यात कुणी विड्यांची थोटकं विझवलेली. काका आत डोकावले. पाण्यावर कबूतर तरंगत होतं. टम्म फुगलेलं, पिसं सुटून कडेनं तवंग धरलेला. ह्याच पाण्यानं सगळी इमारत चुळा भरत होती! कठड्याशी जाऊन ते भडाभडा ओकले.

खाली येऊन सांगितलं तशी जिन्यात गर्दी झाली.

"ह्या वॉचमनला फुकट पोसलाय," रुमालाआडून मास्तरीणबाई म्हणाल्या.

"आजच्या आज हाकला!" औषधवाला ओरडला.

म्हातारा वॉचमन टोपी चुरगाळत उभा होता. "टाकी बघायची पाळी घराघराची असते, साहेब."

"वर तोंड करून बोलतोस?"

पाळीचे कागद तिथंच खिळ्याला लटकत होते. महिन्याला एक घर. दर शनिवारी वर जायचं, झाकण बघायचं, सही ठोकायची. हा महिना काकांचा. एक टाका वाकडा गेला तर अख्खी शिवण उसवणारा हा माणूस. पण जिने नकोत म्हणून एक तारखेलाच चारही शनिवारच्या सह्या त्यानं एका दमात ओढल्या होत्या. आज तर तिसराच आठवडा.

कागदाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. गप्प बसलं की खपून जाणार होतं, आणि वॉचमन संध्याकाळी वळकटी घेऊन रस्त्यावर.

"त्याला कशाला?" काका पुढे झाले. "पाळी माझी. मी वर गेलोच नाही. ही बघा, पुढच्या शनिवारचीसुद्धा सही करून बसलोय."

"चालायचंच हो काका, वय झालं तुमचं," मास्तरीणबाई गोड हसल्या.

 काकांनी मागच्या महिन्याचा कागद उलटून दाखवला. मास्तरीणबाईंच्या सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच झटक्यातल्या. पुढचा महिना औषधवाल्याचा. त्याच्या तर आत्ताच तयार.

"सगळ्यांनी मिळून शेण खाल्लं, आणि हाकलताय ह्याला?"

एकेकाला गॅसवरचं दूध आठवलं. जिना रिकामा झाला. वॉचमनला हाकलायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. दारात सून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पोरीला छातीशी धरून ती आत वळली. काकांची मान वर होईना.

दोघा म्हाताऱ्यांनी दुपारपर्यंत टाकी उपसली, घासली. काकांनी तीनदा साबण लावला तरी हाताचा वास जाईना. गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची दोन बटणं राहिली होती. चष्मा पुसून ते सुईत दोरा ओवायला बसले.